तुम्ही विचारलंत म्हणून: गणपतराव कोणते?

‘नटसम्राट गणपतराव बेलवलकर नाशिकचेच ना? त्यांचं घर कुठंय?’ बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात. मी हौशी नाटकात काम करतो, त्यामुळे मला ठाऊक असणारच, असा त्यांचा हिशेब.

बेलवलकर, म्हणजेच आप्पा, हे नाटकातलं पात्र. नाशिकचे ते त्यांचे लेखक, वि. वा. शिरवाडकर. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं, पहिले आप्पा डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. बायकोला ‘सरकार’ म्हणणारा, होतं नव्हतं ते मुलांना देऊन रस्त्यावर आलेला हा म्हातारा इतका ओळखीचा वाटतो, की लोक त्याचं घर शोधतात यात मला काहीच वावगं दिसत नाही.

माझा जीव तुटतो तो दुसऱ्या गणपतरावांसाठी. गणपतराव जोशी हे खरेखुरे नट, शाहूनगरवासी नाटक मंडळीचे. आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठीत ‘विकारविलसित’ केलं आणि जोशींनी त्या भूमिकेवर अख्खा महाराष्ट्र वेडा केला. १९२२ साली ते गेले. आता आप्पाही आपल्या गाजलेल्या भूमिका सांगताना हॅम्लेटचं नाव घेतात, त्यात नाव गणपतरावच! झालं, लोक दोघांची मोट बांधतात: जोशींचीच कहाणी, आडनाव तेवढं बदललं. पण मुलांना सगळं वाटून देशोधडीला लागलेला बाप शिरवाडकरांनी घेतला तो किंग लिअरवरून. ते दुःख जोशींच्या माथी मारणं हा त्या नटावर अन्याय आहे. त्यांना रंगमंचावर पाहिलेलं आज कुणीही हयात नाही. उरलंय ते नाव, तेही पात्राच्या खात्यात जायचं?

आमच्या दोन दादासाहेबांची तीच गत. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे ते दादासाहेब फाळक्यांचं. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेब म्हणजे गायकवाड. त्यांचं मूळ नाव भाऊराव आणि लोकांनी दिलेली पदवी कर्मवीर, म्हणून कितीतरी जण त्यांना रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील समजतात. तिथे मात्र मी समोरच्याचं बोलणं मध्येच तोडतो. पाटलांनी साताऱ्याकडे गरिबांच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली. गायकवाड १९३० पासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे, पंचवटीत, देवळाचं बंद दार उघडावं म्हणून वर्षानुवर्षं झगडले.