काळा तुकडा आणि हातोडी

काचेत स्फटिक तयार झाले की ती दुधाळ होते. या एका खुणेवर आमच्या लॅबमधली निम्मी कामं चालतात. वडोदऱ्याचे, दांडिया बाजारात वाढलेले आमचे भट्टीवरचे काका तर तुकडा खिडकीपाशी धरून निकाल देऊन टाकतात. तो बहुतेक बरोबरही निघतो.

त्या दिवशी भट्टीतून दोन तुकडे निघाले. दोन्हींत यट्रियम, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण एकच. फरक इतकाच, की दुसऱ्यात संयुजांच्या (अणूंच्या बंध जोडायच्या क्षमतेच्या) हिशेबानं ऑक्सिजनचा साधारण सहावा भाग काढून त्या जागी नायट्रोजन घातला होता. हा नायट्रोजन वायूच्या बाटल्यातून सोडून मुरत नाही. वायू वितळलेल्या काचेत नावापुरताच विरघळतो. म्हणून कच्च्या मालातच सिलिकॉन नायट्राइडची पूड घालायची आणि बोरॉन नायट्राइडच्या मुशीत १७०० अंशांवर वितळवायचं. बाटला लागतो तो हवा बाहेर ठेवायला, नाहीतर नायट्राइड जळतं आणि मुशीत फेस येतो. एवढं सगळं सांभाळूनही काच निघते ती काळपट करडी.

दोन्ही तुकडे आधी काचसंक्रमण तापमानाच्या, म्हणजे काच मऊ पडू लागते त्या तापमानाच्या, थोडं वर धरून मग ११०० अंशांपर्यंत नेले होते. पहिला, नुसत्या ऑक्साइडचा, पांढरा झाला. दुसरा काळाच.

"ताई, हा काही बदलला नाही. नायट्रोजननं अडवलं त्याला," काका म्हणाले. माझ्या विद्यार्थिनीनं तर 'नायट्रोजन स्फटिकीकरण थांबवतो' अशी स्लाइडही करून ठेवली होती. तिचा तर्क अगदीच वाकडा नव्हता. ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडतो, नायट्रोजन तिघांना. जाळं घट्ट होतं, आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत मांडवीपाशी अडकलेल्या माणसासारखी अणूंना जागा बदलणं मुश्कील होतं. इतक्या नायट्रोजननं त्याच तापमानावरचा चिकटपणा शंभरपटीहून जास्त वाढतो. आमच्या डीटीएच्या, म्हणजे तापवताना नमुन्यातले उष्णतेचे बदल टिपणाऱ्या चाचणीच्या, ग्राफवरही काचसंक्रमण चाळीसेक अंश वर सरकलेलं दिसत होतं.

पण जो मुळात काळा आहे तो दुधाळ होणार कसा? मी म्हटलं, आधी एक्स-रे करू, म्हणजे किरण टाकून आत कुठले स्फटिक आहेत ते पाहू.

संध्याकाळी ग्राफ आला. पांढऱ्या तुकड्यात यट्रियम डायसिलिकेट होतं, ते अपेक्षितच. काळ्याच्या ग्राफवर काचेचा बसका फुगवटा जवळजवळ नाहीसा होऊन स्फटिकांची टोकदार शिखरं उभी होती. ती जुळली बी-फेजशी, म्हणजे यट्रियम, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन यांच्याबरोबर नायट्रोजनही रचनेत सामावून घेणाऱ्या स्फटिकाशी. साध्या काचेत तो होणं शक्यच नाही. नायट्रोजननं स्फटिकांची वाट उंच तापमानाकडे ढकलली आणि शेवटी स्फटिकच दुसरा दिला.

'थांबवतो' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. दोन काचा एकाच तापमानाला ठेवून तुलना करणं मुळात अन्यायाचं. प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या संक्रमणापासून सारख्या अंतरावर, म्हणजे चाळीसेक अंश वर धरलं, की केंद्रकं, म्हणजे स्फटिकांची पहिली बीजं, धरण्यातली खरी चढाओढ कळते. हा काथ्याकूट उगाच नाही: सिलिकॉन नायट्राइडच्या बेअरिंगच्या गोळ्यांत कणाकणांच्या मधल्या फटींत हीच काच उरते आणि तापल्यावर आधी तीच मऊ पडते. तिचे स्फटिक करून घेता आले तर भाग जास्त तापमान सोसतो.

स्लाइड बदलली. काका मात्र गप्प बसेनात. त्यांनी काळा तुकडा फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडला आणि त्याच काचेचा न तापवलेला तुकडाही फोडला. न तापवलेल्याची भेग शिंपल्यासारखी गुळगुळीत, चकचकीत. तापवलेल्याची मंद, बारीक खरखरीत.

"हे आधी सांगायचं ना! एक्स-रेची रांग कशाला लावली?" काका म्हणाले.

कुठला स्फटिक ते हातोडी सांगत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही. आता तोच तुकडा १२५० अंशांवर न्यायचा आहे. तिथे बी-फेज टिकत नाही. यट्रियमचा गार्नेट (यट्रियम-ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि सिलिकॉन ऑक्सिनायट्राइड हे दुसरे स्फटिक यायला हवेत. काकांनी हातोडी आधीच भट्टीशेजारी आणून ठेवली आहे.