नेरुळहून उरणला, मोऱ्याहून मुंबईला

नेरुळहून उरणला जाणारी लोकल गर्दीची वेळ टाळून पकडली तर खिडकी मिळते. हार्बरवर रोज धक्के खाणाऱ्या माणसाला एवढं कौतुकही पुरतं. सीवूड्स सुटलं की इमारती मागे पडतात, गाडी पनवेल खाडीवर येते आणि दोन्ही अंगांना खारफुटी नि ओहोटीत उघडा पडलेला काळा चिखल दिसायला लागतो. डावीकडे नवी मुंबई विमानतळ. उलव्याची टेकडी कापून आणि उलवे नदीचं पात्र वळवून तयार केलेल्या या जमिनीवरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं सुरू झाली. डब्यातली निम्मी माणसं अजून मान वळवून बघतात, उरलेली झोपलेली असतात.

बामणडोंगरी, खारकोपर ही उलव्याची स्टेशनं. ११ नोव्हेंबर २०१८ ला लोकल इथवरच आली आणि पुढची पाच वर्षं इथेच थांबली. त्या काळात आलो होतो तेव्हा संध्याकाळी टॉवरच्या टॉवर अंधारात असायचे, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले. आता बाल्कन्यांत कपडे वाळताना दिसतात. स्टेशनबाहेर चायनीजच्या गाड्या, इस्टेट एजंटांच्या पाट्या, रिक्षांची रांग. गाव वसल्याची खूण माझ्या मते हीच.

खारकोपरच्या पुढे देखावा पालटतो. रेल्वेच्या कडेला कंटेनरचे यार्ड सुरू होतात. रिकामे डबे एकावर एक रचलेले, गंजकी लाल, निळी, हिरवी भिंतच म्हणा. प्रत्येकावर चार अक्षरं आणि सात आकडे. जगात कुठेही जाऊ दे, डबा त्यावरून ओळखला जातो. ही न्हावा शेवा बंदराची हद्द. २०२४-२५ मध्ये या बंदरातून वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने ७० लाखांहून जास्त कंटेनर हलले. देशातल्या प्रमुख बंदरांच्या कंटेनर वाहतुकीचा साधारण निम्मा वाटा एकट्या या टापूचा. आणि शेजारच्या उरण शहराची वस्ती? २०११ च्या जनगणनेत जेमतेम ३० हजार!

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली तेव्हा ९५ गावांच्या जमिनीवर वीसेक लाख लोकांचं शहर कागदावर मांडलं होतं. वाशी, नेरुळ भरत गेले. २०११ ला नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतच ११ लाखांवर लोक होते. दक्षिणेकडचे उलवे आणि द्रोणागिरी हे नोड, म्हणजे आखीव वसाहती, मात्र मागे राहिल्या, कारण तिथे माणसाला पोचायला धड साधन नव्हतं. बंदर सुरू झालं २६ मे १९८९ ला. त्याच्यासाठी मालगाडीचे रूळ होते, रस्ते होते. उरणला लोकल आली १२ जानेवारी २०२४ ला. डब्यांची सोय आधी, माणसांची मागाहून, तीही चौतीस वर्षांनी. हा क्रम मला अजून पटत नाही. जमीन ज्यांनी दिली त्यांना तर तो पटायचं कारणच नाही.

या भागात जासईचं नाव निघालं की १९८४ चा जानेवारी आठवला जातो. घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांवर जासई आणि पागोट्याजवळ पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. बंदरासाठी उठवलेला शेवा कोळीवाडा बोरी पाखाडीजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला, तर तिथल्या घरांना वाळवी लागली. बंदराच्या क्रेन बघताना हेही ठाऊक असावं.

लोकल आली त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. शिवडी ते चिर्ले, २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. मोटारीला झकास, टोल भरायची तयारी असली की झालं. पण दुचाकी आणि रिक्षांना सेतूवर मज्जाव आहे. म्हणजे चिर्ल्याच्या पोराच्या दारात पूल उतरतो आणि मोटारसायकलवर मुंबईला जायचं तर त्याने वाशीचाच वळसा घ्यायचा. तोही ट्रेलरच्या रांगांतून. करळ फाट्याच्या आसपास बाजूने ट्रेलर जाताना त्याची चाकं आपल्या खांद्याला लागतील असं वाटतं. ज्यांनी दुचाकीवरून हा रस्ता काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

उरणला उतरून रिक्षाने मोऱ्याच्या जेटीवर गेलो, कारण परत लोकलने यायचं नव्हतं. मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच मुंबईचा सगळ्यात जुन्या धाटणीचा प्रवास आहे आणि अजून तिकिटाला रांग लागते. अडचण एकच, गाळ. ओहोटीला जेटीशी पाणीच राहत नाही आणि लाँच बंद. तिकीट खिडकीवर कुणी नव्हतं. बाजूला सुका जवळा पसरून बसलेल्या मावशींना विचारलं.

"पानी उतारलाय, दादा. भरती येवंदे, मंग जा."

"किती वेळ लागेल?"

"त्ये दर्याला इचार!" आणि हसल्या. मग पाव किलो जवळा माझ्या पिशवीत गेला, पैसे देताना भावही विचारायचा राहिला.

लाँच सुटल्यावर तासाभराच्या आत पलीकडे उतरता येतं. वाटेत घारापुरी दिसते आणि तिच्यापलीकडे बंदराच्या क्रेन. लाँचमध्ये माझ्या शेजारचे गृहस्थ मुंबईत नोकरीला, रोजचे. लोकल सुरू झाल्यावरही लाँच का सोडली नाही, असं विचारलं. म्हणाले, "लोकलने आधी नेरुळ, मग गाडी बदला, मग सीएसएमटी. लाँच सरळ नेते. भरती असली तर." पावसाळ्यात तिकीट वाढतं, समुद्र खवळला की सेवाच बंद, तरी त्यांचा हिशेब पक्का होता.

जाणार असाल तर आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवा आणि सुट्टे पैसे घ्या. अलिबागला उतरायचा बेत असेल तर मोऱ्याऐवजी करंजा गाठा, तिथून रेवसला होडी मिळते. पुलाचं कामही सुरू आहे, पण त्याच्या भरवशावर आत्ता बेत आखू नका.