नायिकेला एक प्रश्न तरी विचारू द्या

शनिवार, रात्र. पाऊस सुरूच.

मोबाइलवरच्या त्या धारावाहिक प्रेमकथेचे साठलेले भाग आज दुपारी एका दमात संपवले आणि डोकं भणभणलं. पहिल्या भागात नायिका चार्टर्ड अकाउंटंट. सुवर्णपदक मिळवलेली, ऑफिसात साहेबाच्या चुका काढणारी, एका वाक्यात समोरच्याला गप्प बसवणारी. नायक भेटला आणि बाईची अक्कल गहाण पडली. दुसऱ्यांचे हिशेब पै-पैने तपासणारी ही, लग्नाच्या कराराचा कागद पुढ्यात आला तर न वाचताच सही करते. मग हॉटेलच्या व्हरांड्यात नायक कुणा मुलीला जवळ घेताना दिसतो. ती त्याची बहीण आहे हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलेलं असतं. ही मात्र अंगात ताप असताना, फोन बंद करून, भर पावसात घर सोडते. दिवस गेलेत तेही कुणाला सांगत नाही.

मावशी चार दिवसांसाठी निपाणीहून आली आहे. निपाणीला तंबाखूच्या वखारीत तिची उमर गेली. मी वाचून दाखवत होते आणि ती मेथी निवडत ऐकत होती. सहीच्या प्रसंगाला तिचा हात थांबला. "शिकलेली म्हणतीस नव्हं? मग वाचायला काय झालं हिला?"

तिचा राग मला कळतो. आमच्या बेळगावकडच्या सीमाभागात जमिनीचा उतारा, नोटीस, सगळं कन्नडमध्ये येतं. मावशीला कन्नड बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. त्यामुळे कुठलाही कागद आला की ती आधी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेते, मग भाच्याकडून, आणि दोघांचं जुळलं तरच पेन हातात धरते. अशा बाईपुढे मी सुवर्णपदकवाली अडाणी नायिका वाचत बसले होते. बहिणीच्या प्रसंगाला तर ती सरळ म्हणाली, "मी असतो तर तिथंच विचारलो असतो, कोण रे ही म्हणून. विषय संपला की!"

विषय संपला, हीच तर लेखकाची अडचण. विषय संपला तर उद्याचा भाग कुठून आणायचा?

बरं, ही पावसात निघून जाते म्हणजे जाते तरी कुठं? बेळगावातल्या आमच्या टिळकवाडीतून एखादी मुलगी अशी रडत निघाली तर दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत पोचायच्या आत तीन जण विचारतील, "काय गं, एवढ्या पावसात कुठं?" त्यातला एक नक्की तिच्या बापाच्या ओळखीचा निघणार. आणि गेट पडलेलं असलं तर गाडी जाईपर्यंत उभं राहायचं. तेवढ्या वेळात कुणाचंही डोकं ताळ्यावर येतं.

नायिकेनं चुकूच नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. चुकू दे की! इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीतली नायिका एलिझाबेथ केवढी चुकते. पण ती चुकते ती तिच्या हुशारीमुळे. माणसं आपल्याला बरोबर ओळखता येतात याचा तिला गर्व, त्यात नायकानं, डार्सीनं, पहिल्याच भेटीत तिचा अपमान केलेला. म्हणून गोड बोलणाऱ्या विकहॅमवर ती विश्वास ठेवते. पुढे डार्सीचं पत्र हातात येतं तेव्हा ती ते पुन्हा पुन्हा वाचते, एकेक मुद्दा पडताळते आणि स्वतःचं मत बदलते. तिच्या स्वभावाची दुसरी मुलगी असती तर ती तशी चुकली नसती. माझ्या मोबाइलमधल्या नायिकेच्या जागी मात्र कुणालाही बसवा, ती तशीच पावसात पळेल, कारण तिला पळवतो तो लेखक.

आणि आपल्या भाषेत अशा खुळ्या नायिकांची परंपरा होती असंही नाही. बाबा पदमनजी मूळचे आमच्या बेळगावचे, जन्म १८३१चा. त्यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ साली आलं. मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी म्हणून ते ओळखलं जातं. कादंबरी म्हणून ते कच्चं आहे. धर्मप्रचार उघड दिसतो आणि पात्रं प्रवचनं देतात. पण यमुना नवऱ्याबरोबर फिरताना विधवांचे हाल बघते, विचार करते, बोलते. स्वतः विधवा झाल्यावर धर्म बदलते आणि पुन्हा लग्नही करते. तिचे निर्णय कुणाला पटोत न पटोत, ते तिनं डोळे उघडे ठेवून घेतलेले आहेत. तिच्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी आमची नायिका "ही कोण?" एवढं विचारू शकत नाही!

मला वाटतं, खऱ्या अडचणी लिहायचं टाळलं की नायिकेला खुळी करावं लागतं. जात नको, पैसा नको, घरातली वाटणी नको, सासूचं दुखणं नको. नायक करोडपती, त्याला आगापीछा नाही. मग दोघांच्या मध्ये आणायचं काय? गैरसमज. तो टिकवायचा तर एकीनं तोंड मिटून बसलं पाहिजे, आणि तो मान नेहमी तिलाच. नायक अधूनमधून ओठ आवळतो, तेवढं त्याला पुरतं.

इथं सीमेवर तर अडचणी पावलोपावली आहेत. आमच्या ओळखीतल्या एका मराठी मुलीचं गोकाककडच्या कन्नड मुलाशी जमलं. गैरसमज एकही नव्हता, दोघांना सगळं लख्ख माहीत होतं, तरी वर्षं गेली. तिच्या वडिलांना चारचौघांत काय सांगायचं हा प्रश्न, त्याच्या आईला सून आपल्याशी बोलणार कशी हा प्रश्न. मुलगी महिनाभरात मोडकंतोडकं कन्नड शिकली आणि थेट त्या आईलाच फोन लावून बोलली. पुढं पत्रिका छापली, एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. मग वरचं अंग कुठलं, यावरून दोन्ही घरांत आठवडाभर धुसफूस. हे मावशीला सांगितलं तर ती मेथी बाजूला सारून सरसावून बसली. "मग? काय केलं पोरीनं?"

पोरीनं कुणालाच विचारलं नाही. दोन गठ्ठे केले, एकात मराठी वर, एकात कन्नड वर, आणि ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा गठ्ठा पोचवून आली.