१२० हर्ट्झचा भुंगा

"पंखा दोनदा बदलून झालाय दादा, तरी रेकॉर्डिंगमध्ये मागे भुंगा बसल्यासारखा येतोच."

डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर. बाई घरूनच ऑडिओबुकं वाचतात. मी गेलो तेव्हा छताचा पंखा चालू होता आणि त्या घरघरीत कॉम्प्युटरचा आवाज वेगळा कळेना. आवाजाच्या तक्रारीत पहिलं काम हेच, घरातले बाकीचे आवाज बंद करायचे. छताचा पंखा बंद केला, फ्रीजचं बटण पाच मिनिटांपुरतं बंद केलं, खिडकी लावली. मग ऐकू आलं, आणि एक नाही, तीन वेगवेगळे आवाज ऐकू आले.

मशीन नेहमीचंच. रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, त्याच्याबरोबर खोक्यात येणारा रेथ स्टेल्थ कूलर, पुढे सबंध काच असलेलं कॅबिनेट, काचेमागे रंगीत दिव्यांचे १२० मिलिमीटरचे तीन पंखे, मागे एक पंखा, विंडोजसाठी एसएसडी (जिच्यात फिरणारं काहीच नसतं) आणि साठवणीला ७,२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे) जुनी हार्डडिस्क. दुकानदाराने दोनदा बदलला होता तो मागचा पंखा. सगळ्यात सहज हाताशी येतो म्हणून बहुतेक.

पहिला आवाज म्हणजे सतत वाऱ्याची फरफर. दुसरा, त्याच्यावर तरंगणारी घूंऽ-घूंऽ, सेकंदाला तीनेक वेळा चढणारी-उतरणारी. तिसरा म्हणजे काहीच चालू नसताना मध्येच सूंऽ करून वर जायचा, पाच-सात सेकंदांत खाली बसायचा, पुन्हा वर. यातला भुंगा कुठला? बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "यातला एकही नाही."

म्हणून कान बाजूला ठेवले. दहा सेकंद शांतता त्यांच्याच माइकवर रेकॉर्ड केली, ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, विश्लेषणाच्या मेनूतून स्पेक्ट्रम (कुठला सूर किती मोठा, याचा आलेख) काढला. इथे एक खाच आहे. साइज, म्हणजे एका वेळी किती नमुने तपासायचे ते, २०४८ वर ठेवली तर ४४.१ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन बिंदूंतलं अंतर साडेएकवीस हर्ट्झ पडतं, शेजारशेजारचे आवाज एकाच टेकाडात मिसळून जातात. ६५५३६ घेतली की तेच अंतर पाऊण हर्ट्झच्याही आत येतं. तसं केल्यावर आलेख स्पष्ट झाला. १३६ ते १४० च्या दरम्यान बुटक्या शिखरांची जोडी, आणि १२० वर सुईसारखं एकच उंच शिखर.

ही १२० ची सुई पंख्याची नाही, हे कॅबिनेट न उघडताच सांगता येतं. पंख्याचा सूर म्हणजे पाती गुणिले सेकंदाचे फेरे. सात पात्यांचा पंखा १,२०० आरपीएमने फिरला तर सेकंदाला २० फेरे, म्हणजे १४० हर्ट्झ; पंख्याचा वेग हलला की सूर हलतो. ही सुई हलत नव्हती. विजेचा गुणगुणाट म्हणावा तर आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिचा गुणगुणाट १०० वर येतो. बरोबर १२० म्हणजे मिनिटाला ७,२०० फेरे. हार्डडिस्कची तबकडी.

खात्रीसाठी मशीन बंद करून हार्डडिस्कची पॉवर केबल काढली, एसएसडीवरून चालू केलं, पुन्हा दहा सेकंद घेतले. सुई गायब. (चालू हार्डडिस्क हातात उचलून "आवाज जातो का बघू" असं कुणी करू नये. तबकडी फिरत असताना धक्का बसला की डेटा वाचणारं डोकं तबकडीला घासतं आणि डेटा जातो.)

पण मग खोलीत कानाला तो आवाज एवढा का जाणवत नव्हता? कारण तो हवेतून येतच नव्हता. डिस्क चार धातूच्या स्क्रूंनी ट्रेला घट्ट, ट्रे कॅबिनेटच्या पातळ पत्र्याला, कॅबिनेट कडक प्लास्टिकच्या पायांवर प्लायवूडच्या टेबलावर, आणि त्याच टेबलावर माइकचा स्टँड. डिस्कची थरथर पत्र्यातून टेबलात, टेबलातून स्टँडमध्ये, तिथून थेट माइकच्या पोटात. स्टँडखाली गोधडीची चौपदरी घडी ठेवून बघितलं तर सुई निम्म्याच्याही खाली आली. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपला मात्र यातलं काही दिसलं नाही, आधी आणि नंतर आकडा जवळपास तोच. हे ॲप बहुधा ए-वेटिंगने, म्हणजे माणसाच्या कानासारखे खालचे सूर कमी धरून मोजतात, आणि त्यात १२० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सोळा-सतरा डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून ॲपच्या आकड्यावर निदान करायला मी नाखूश असतो. तुलनेला ठीक, तेही एकाच जागेवरून एकाच अंतरावर मोजलं तर.

डिस्कचा उपाय स्वस्तातला. धातूचे स्क्रू काढून रबरी बुशमधून जाणारे लांब मानेचे स्क्रू लावले आणि बुश दबून चपटं होईल इतके आवळले नाहीत. चपटं झालं की रबर असून नसल्यासारखं. कॅबिनेटच्या पायांखाली जुन्या माउसपॅडचे दुहेरी तुकडे. डिस्क स्पंजमध्ये गुंडाळून ठेवणारेही भेटतात. त्याने आवाज जातो, पण डिस्कची उष्णता कोंडते. माइकचा स्टँड टेबलावरून हलवून वेगळ्या स्टुलावर घेतला. कॅबिनेटच जमिनीवर ठेवू का, असं बाईंनी विचारलं. ठेवायचं तर निदान वीतभर उंचीच्या पाटावर, नाहीतर रोजचा केर निम्मा एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) जाळीत जातो.

भुंगा संपला, पण उरलेले तीन आवाज तसे सोडणं बरं वाटेना.

घूंऽ-घूंऽ म्हणजे ती शिखरांची जोडी. पुढचे तीन पंखे मोलेक्सच्या, म्हणजे एसएमपीएसमधून येणाऱ्या तारेवर थेट १२ व्होल्टला जोडलेले, म्हणजे मशीन झोपलेलं असो की राबत असो, पूर्ण वेग. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे पंखेसुद्धा तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत. एक १,२०० वर आणि दुसरा १,१७० वर असला की सूर १४० आणि १३६.५, आणि त्यांच्यातला साडेतीनचा फरक सेकंदाला साडेतीन हेलकावे होऊन कानावर येतो. सलग फरफरीला माणूस सरावतो, हेलकाव्याला नाही.

"एक पंखा काढून टाकला तर?" तीनातला एक काढून दोन डेसिबलसुद्धा कमी होत नाहीत. वेग कमी करणं हाच खरा उपाय. १,२०० चे ७५० केले की सुमारे १० डेसिबल उतरतात, म्हणजे कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, आणि हवा मात्र साठ-बासष्ट टक्के मिळत राहते. मोलेक्सच्या पंख्यांना वेग सांगायला तारच नसते. पंख्याची ग्राउंडची तार पाच व्होल्टच्या तारेवर नेऊन तो सात व्होल्टवर चालवायची जुनी युक्ती आहे, पण चालू संचात मी ती वापरत नाही. तार चुकली तर नुकसान मदरबोर्डपर्यंत जातं. तिन्ही काढले, चार पिनांचे दोन साधे पंखे बसवले, प्रत्येक मदरबोर्डवरच्या आपापल्या हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर). एक ७०० वर, दुसरा मुद्दाम ८५० वर. सूर ८२ आणि ९९, इतके लांब की हेलकावा होतच नाही.

मागचा नवा पंखा तीन पिनांचा होता आणि हेडर पीडब्ल्यूएमवर, म्हणजे वेगळ्या तारेने वेग सांगायच्या पद्धतीवर लावलेलं. अशा वेळी बोर्ड चौथ्या पिनेवर सूचना देत बसतो, जी पिन पंख्याला नाहीच, आणि पंख्याला सरळ १२ व्होल्ट मिळत राहतात. बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तेवढं हेडर डीसीवर, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करून वेग ठरवायच्या पद्धतीवर केलं, पंखा लगेच खाली आला. दोनदा पैसे देऊन बदललेला पंखा असा फक्त एका खुणेवाचून बोंबलत होता.

राहिला सूंऽ. रायझेनची ही पिढी रिकाम्या वेळीसुद्धा क्षणभर आपला काम करायचा वेग वाढवते, तापमान ४२ वरून ५५ वर उडी मारतं आणि परत येतं. बोर्डाची मूळ रेषा, म्हणजे किती तापमानाला पंख्याचा किती वेग याचा आलेख, प्रत्येक उडीमागे धावते. बायॉसमध्ये रेषा ६० अंशांपर्यंत सपाट ३५ टक्क्यांवर ठेवली, ७० ला ५०, ८० ला ८०, ९० ला पूर्ण. ३६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, तेव्हा ६० अंशांपर्यंत धावपळ करायचं कारणच नाही. शिवाय वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबायची सोय असते. प्रत्येक बोर्डावर तिचं नाव वेगळं, पण अर्थ एकच. ती जास्तीत जास्त केली.

एवढ्याने रिकाम्या वेळचं भागलं. पण बाई आवाजातली खरखर काढायचं सॉफ्टवेअर चालवतात, तेव्हा सहाही कोर राबतात आणि छोटा स्टेल्थ २,५०० च्या पुढे ओरडतो. म्हणून १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर. घेण्याआधी कॅबिनेटमध्ये मोजपट्टी घातली. मदरबोर्डापासून बाजूच्या झाकणापर्यंत १६३ मिलिमीटर मिळाले, कूलर १५५ चा, प्रोसेसरची सात-आठ मिलिमीटर उंची धरली की काठोकाठ. झाकण लागलं, बोट मात्र मध्ये गेलं नसतं.

एएम४ वर (या प्रोसेसरच्या सॉकेटवर) जुना कूलर काढताना घाई करू नये. मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून डिंकासारखी धरलेली असते आणि सरळ वर ओढलं की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून येतो, खाली १,३३१ नाजूक पिना घेऊन. आधी दहा मिनिटं जड काम देऊन प्रोसेसर तापवला, मशीन बंद केलं, प्लग काढला, चारही स्क्रू आलटून पालटून सैल केले, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळला. तिसऱ्या पिळाला चिक् आवाज झाला आणि तो सुटला. स्टेल्थचे स्क्रू थेट बोर्डामागच्या पट्टीत बसतात, त्यामुळे शेवटचा स्क्रू निघताना मागून ती पट्टी हाताने धरावी लागते. नाहीतर ती मागे गळून पडते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली, स्क्रू कोपऱ्यांवरून कोपऱ्यांवर अर्धा-अर्धा फेरा आवळले. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाते, ती काढली.

चालू केलं आणि टकटकटक. रॅमशेजारची एक तार पात्याला लागत होती. टायने बांधली.

मध्ये धूळ काढून झाली. जाळी ब्रशने, हीटसिंकच्या पट्ट्या ब्लोअरने, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून. मोकळा सोडला तर वाऱ्याने बेफाम फिरतो आणि बेअरिंग ढिलं होतं. एसएमपीएस बाहेरूनच फुंकला. तो उघडू नये, २३० व्होल्टचे आत सुमारे ३२५ होतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतात. पुढची काच काढून एकदा तापमान बघितलं, सहा अंशांनी उतरलं. काच आणि सांगाडा यांत जेमतेम बोटाएवढी फट, पंखे तोंडावर उशी धरल्यासारखे श्वास घेत होते. काचेचे चार खांब वॉशर घालून सेंटिमीटरभर पुढे आणले. देखणेपण थोडं गेलं, बाईंनी हरकत घेतली नाही.

चाचणी छताचा पंखा बंद ठेवूनच घेतली. मे महिना, खोलीत ३४ अंश. रेकॉर्डिंग करताना खोली तशीच असणार, आणि खोली जितकी तापते तितकंच प्रोसेसरचं तापमान वर सरकतं. जानेवारीत बसवलेली रेषा मेमध्ये कोलमडते ती यामुळेच. अर्धा तास सहाही कोर राबवून ७६ अंश, कूलरचा पंखा हजाराच्या थोडा वर. नुसतं वाचन-रेकॉर्डिंग चालू असताना ५०, आणि आलेखावर १२० च्या जागी एक उंचवटा, ओळखू येईल एवढाच.

निघताना कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: कुठला पंखा कुठल्या हेडरवर, कुठलं डीसी, कुठलं पीडब्ल्यूएम, आणि रेषेचे चार आकडे. बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल संपला किंवा कुणी बायॉस अपडेट केलं की हे सगळं पुसलं जातं, आणि मागचा पंखा पुन्हा पूर्ण वेगाने सुटतो.