फुली मारलेल्या आजी

काही वर्षांपूर्वी मी एका हॉस्पिटलच्या ओपीडीत बीपी-शुगरच्या पेशंटचे फॉर्म भरायचं काम करत होते, लोक गोळ्या नियमित घेतात का एवढाच अभ्यासाचा विषय. पहिल्याच आठवड्यात एक आजी आल्या, नातीचा हात धरून, शुगरने डोळ्याचा पडदा खराब होऊन नजर जवळपास गेलेली. बोलायला मात्र खणखणीत. "विचार गं काय विचारायचंय ते," म्हणाल्या. पण आमच्या कागदावर स्पष्ट होतं, प्रश्नावली स्वतः वाचता आली पाहिजे, दिसण्या-ऐकण्याचा जास्त त्रास असलेले पेशंट घ्यायचे नाहीत. मी त्यांच्या नावापुढे फुली मारली. ते अजून मनातून जात नाही.

मग फॉर्म बाजूला ठेवून नुसत्याच गप्पा मारत बसले. आजी गोळ्या ठेवायच्या मिसळणाच्या डब्यात. सात वाट्या, सात वार, कडेच्या सहा सोमवार ते शनिवार आणि मधली रविवारची. डब्याला एका जागी पोचा आलेला, तो पोटाकडे धरला की त्याच्या लगतची वाटी सोमवारची, तिथून उजवीकडे फिरत जायचं. शुगरची मेटफॉर्मिनची गोळी मोठी, हाताला लगेच कळते, बीपीची बारकी. "विसरत नाही गं मी, पण मेडिकलवाल्याने कंपनी बदलली की गोळीच वेगळी लागते हाताला, मग नात येईपर्यंत घेतच नाही, भलतीच पोटात गेली म्हणजे?"

आता गंमत नाही, खरंच विचार करा. अशा अभ्यासात मोरिस्कीची प्रश्नावली खूप वापरतात, 1986 ची मूळची चार प्रश्नांची. विसरता का, हयगय करता का, बरं वाटलं की थांबवता का, त्रास झाला की थांबवता का. आजींचं उत्तर चारही वेळा "नाही". म्हणजे कागदावर त्या एकदम नियमित, आणि नातीची वाट बघण्यात गेलेले दिवस कुठेच नोंदले जात नाहीत! अशा पेशंटना अभ्यासात नुसतं घेऊन भागत नाही, प्रश्न तयार होतानाच असे लोक समोर बसलेले पाहिजेत असं माझं ठाम मत तिथून झालं.

टीबीचे पेशंट गोळ्या घेतात का हे बघायच्या 99डॉट्स या पद्धतीचंच बघा. गोळी दाबून काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो, पेशंटने त्यावर फुकटचा मिस्ड कॉल द्यायचा, गोळी घेतल्याची नोंद होते. कर्णबधिर माणसाला हे छान जमेल, काही ऐकायचंच नाही. पण अंध माणूस तो नंबर वाचणार कसा? एकाची सोय तीच दुसऱ्याची अडचण, आणि हे ऑफिसात बसून सुचत नाही. युरोपात 2004 च्या नियमाने औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये लागतं, चांगलंच आहे, पण आपल्याकडे मेडिकलवाला पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो, खोकं घरी येतंच कुठे.

2011 च्या जनगणनेत आपल्या देशात 2.68 कोटी दिव्यांग मोजले गेले, 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आले. एवढी माणसं "अपवाद" म्हणून कशी काय सोडता येतात? खर्चाचं कारण मी पुष्कळदा ऐकलंय. पण प्रश्न वाचून दाखवायला काय लागतं, एक माणूस आणि वीस मिनिटं जास्त. खुणांच्या भाषेचा दुभाषा लागतो तर बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा ना, छपाईचा धरता तसा. संमतीचा कागद साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घेता येतो. आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सोडून फक्त त्याच्या आईला विचारू नका, साध्या शब्दात त्यालाही विचारा, गोळी कडू लागते म्हणून तो थुंकतो हे आईला माहीत नसेलही.

नंतर दुसऱ्या एका अभ्यासाचे प्रश्न ठरत होते तेव्हा मी नातीला फोन करून आजींना सगळे वाचून दाखवले. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "विसरता का हे नंतर विचार. आधी विचार, गोळी ओळखू येते का." तो प्रश्न आम्ही पहिला घातला.