फाट्यावरच्या हायमास्टखालचं हिरवं सोयाबीन

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी नववीच्या मुलांना प्रकाश प्रदूषण, म्हणजे रात्रीच्या नको तिथल्या उजेडाचा त्रास, शिकवायला जूनमध्ये घेतलं. सहा महिन्यांत कुठवर आलो, ते आकाशवेड्या मित्रांसाठी लिहून ठेवतो.

पावसाळ्यात आभाळ भरलेलं, म्हणून प्रोजेक्टरवर सुरुवात केली. रात्रीच्या पृथ्वीची उपग्रहचित्रं दाखवली. जगातल्या एक तृतीयांश लोकांना आकाशगंगा दिसत नाही, हा २०१६ च्या नकाशातला आकडा सांगितला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, आमच्या वावरातून तं दिसते." त्याचं खरंच होतं. शहराचं दुखणं मी त्यांच्या गळ्यात बांधत होतो. पुढच्या दोन तासांना मी प्रोजेक्टर लावलाच नाही.

खरा धडा सापडला तो सवंगणीच्या दिवसांत. फाट्यावरच्या हायमास्टला, म्हणजे उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांना, लागून एक सोयाबीनचं वावर आहे. आजूबाजूचं सगळं पिवळं पडून पानं गळालेली, आणि दिव्याच्या बाजूचा एक तुकडा मात्र हिरवागार. मुलांनी पावलं मोजली. धुऱ्यापासून वीस-बावीस पावलांपर्यंत झाडं कमरेएवढी, शेंगा थोड्या आणि त्याही पोचट. पुढे हळूहळू पिवळेपण सुरू. शेतकरी काका म्हणाले, "मी तं दोन वर्सापासून पायतो. वाटलं, तिकडं खतच जास्त पडलं असंल."

तिथेच धुऱ्यावर बसून सांगितलं. सोयाबीन रात्रीची लांबी ओळखतं. सलग, न तुटलेला लांब अंधार मिळाला की ते फुलोऱ्यावर येतं. रात्रभर उजेड पडत राहिला तर ते पानंच वाढवत बसतं, फुलं आणि पक्वता लांबते. गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये हे मांडलं, तेव्हा त्यांच्या प्रयोगांत तंबाखूसोबत सोयाबीनही होतं. हे ऐकल्यावर मुलांचे डोळे मोठे झाले. आपल्या वावरातलं पीक शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शोधात होतं! त्या दिवसापासून विषय माझा राहिला नाही, त्यांचा झाला.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेमागे दोन पांढऱ्या चादरी बांधल्या. एकीवर पांढरा एलईडी, दुसरीवर तेवढ्याच वॅटचा पिवळसर. तासाभरात पांढऱ्याकडे पतंग, भुंगेरे, चिलटं यांची गर्दी झाली, पिवळ्यावर त्याच्या निम्मेही नाहीत. हुमणीचे भुंगेरे पकडायला घरोघरी प्रकाश सापळा माहीत आहे, त्यामुळे किडे दिव्याकडे येतात हे नवीन नव्हतं. नवीन हे होतं की रस्त्यावरचा प्रत्येक दिवा रात्रभर सापळाच असतो, आणि त्यात परागीभवन करणारे पतंगही अडकतात.

मग एका मुलीने विचारलं, "सर, लाइट बंद केले तं आम्ही ट्युशनवरून यायचं कसं? साप निंघते रस्त्यानं." हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अंधाराचं कौतुक करणाऱ्या आपण सगळ्यांनी तो आधी ऐकावा. उत्तर तिला तोंडी दिलं नाही. तेलाचा पत्र्याचा डबा कापून बल्बवर टोपी बसवली. बल्ब तोच, पण वर-बाजूला जाणारा उजेड खाली आला, डोळे दिपेनात, आणि आधी न दिसलेला रस्त्यातला खड्डा तिनेच दाखवला. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी लगतच्या गावांतले दिवे असेच खाली तोंड करणारे बसवले होते. गावं अंधारात गेली नाहीत, हे मुलांना लगेच पटलं.

मार्गशीर्ष अमावस्येच्या आसपास, रात्री नऊला, मृग नक्षत्रातले किती तारे दिसतात ते मोजलं. फाट्यावर हायमास्टखाली काक्षी, राजन्य, बाणाचे तीन तारे, एवढंच. शाळेमागे अकरा. नाल्यापलीकडच्या वावरात मोजणी तेविसावर गेली आणि मग पोरं भांडायला लागली, कारण कोणाचे सत्तावीस, कोणाचे तीस.

त्याच मुलीने ग्रामपंचायतीला अर्ज लिहिलाय. हायमास्टचे दिवे खाली वळवा, पांढऱ्याऐवजी पिवळसर लावा. सोबत सोयाबीनच्या दोन फांद्या कागदावर चिकटवल्यात, एक पिवळी, एक हिरवी. सोमवारी आम्ही तो नेऊन देणार आहोत. येत्या खरिपात काका तो तुकडा आम्हाला दोऱ्या बांधून मोजायला देतो म्हणालेत.