एम९२३ए२: पाचवा आणि रिव्हर्स घसरतात, बाकी गिअर घट्ट

चौथ्यातून पाचवा पडला की इंजिनचा आवाज चढतो, टॅकोमीटरचा काटा वर सरकतो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात राहते. दुसरा, तिसरा, चौथा एकदम घट्ट. रिव्हर्स टाकून घरामागच्या चढावर गाडी मागे घ्यायला गेलं की पुन्हा तेच: इंजिन ओरडतं, चाकं आळसावतात. उन्हाळ्यात हे फक्त गरम गाडीत व्हायचं. ऑक्टोबर येईपर्यंत थंड गाडीतही व्हायला लागलं, तेव्हा हायवे बंद केला आणि शोध सुरू केला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख. अमेरिकन लष्कराच्या एम९३९ मालिकेतला हा पाच टनी ६×६ ट्रक, विंच नसलेला, लांब नाही आणि आखूडही नाही अशा मालवाहू हौद्याचा. मालिकेतल्या ए२ प्रकारच्या गाड्या बीएमवाय कंपनीने ओहायोतल्या मेरीजव्हिलला बांधल्या. मी त्याच राज्यात राहतो, त्यामुळे सरकारी लिलावातून घेतलेली ही गाडी एका अर्थी माहेरीच आहे. इंजिन कमिन्सचं ६सीटीए, ८.३ लिटर, टर्बो, २४० अश्वशक्ती. पुण्याच्या वाचकांना कमिन्स हे नाव कोथरूडमुळे घरचंच. त्यामागे एलिसनचा एमटी६५४सीआर, पाच गिअरचा ऑटोमॅटिक. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलांना ताकद वाटणारा डबा) वेगळी, मधे एक छोटा प्रॉपशाफ्ट. रिकामी गाडीच नऊ टनांच्या पुढे जाते.

भारतीय लष्कराच्या शक्तिमान आणि स्टॅलियन ट्रकांवर हात बसलेल्यांकडून नेहमी विचारणा येते की क्लचचं पेडल नसलेल्या गाडीत क्लच घसरतो म्हणजे नेमकं काय. या गिअरबॉक्सच्या पोटात एक नाही, अनेक क्लच आहेत. प्रत्येक म्हणजे पोलादी आणि घर्षण-प्लेटांची एकाआड एक चळत. मागच्या पिस्टनवर तेलाचा दाब आला की चळत आवळली जाते. दोन क्लच आवळले की एक गिअर तयार होतो. कुठले दोन, हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते, आणि ती निर्णय घेते दोन दाबांवरून: गव्हर्नरचा दाब गाडीचा वेग सांगतो, मॉड्युलेटर अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगतो. कॉम्प्युटर नाही, कोड वाचणारं यंत्र जोडायची सोय नाही. जे काही कळायचं ते तेल, दाब, तापमान आणि लक्षणांवरूनच. मला या गाडीचं सर्वांत जास्त प्रेम याच कारणासाठी आहे.

आता तर्क बघा. फॉरवर्ड क्लच पुढच्या सगळ्या गिअरांत लागतो. तो गेला असता तर दुसरा-तिसराही घसरला असता आणि रिव्हर्स उलट ठणठणीत राहिला असता, कारण रिव्हर्समध्ये तो लागतच नाही. म्हणजे तो निर्दोष. दुसरा संशय लॉकअप क्लचवर. हा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागात, बसतो आणि वेग आला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट बांधून टाकतो. लॉकअप सुटत असेल तरी पाचव्यात आरपीएम चढतो, आणि इथेच बरेच जण फसतात. पण लॉकअप चौथ्यातही लागतो आणि तिथे गाडी घट्ट होती. शिवाय रिव्हर्समध्ये लॉकअपचा संबंधच नाही. गव्हर्नर किंवा मॉड्युलेटर बिघडला असता तर गिअर लवकर किंवा उशिरा पडले असते. रिव्हर्स घसरण्याशी त्यांचं देणंघेणं नाही, तो लिव्हरने थेट लागतो.

पाचवा आणि रिव्हर्स यांच्यात समाईक क्लच एकच: फोर्थ क्लच. नाव चौथा असलं तरी पाच गिअरच्या या बॉक्समध्ये तो पाचव्यात, म्हणजे थेट एकास एक गिअरमध्ये, फॉरवर्डबरोबर लागतो, आणि रिव्हर्समध्येही त्याचीच गरज. इतकी स्वच्छ सही फार क्वचित मिळते.

तरीही तर्कावर विसंबून अडीचशे किलोंपेक्षा जड वस्तू खाली उतरवायची नसते. आधी तेल. न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून, तेल गरम करून पातळी पाहिली: बरोबर. पातळी थंड तेलात बघून समाधान मानू नका, तापल्यावर ते फुगतं. तेलाला दुधाळ झाक नव्हती, ही मोठी सुटका. कूलर फुटून कूलंट तेलात गेलं की त्यातला ग्लायकॉल घर्षण-प्लेटांचं अस्तर खातो, आणि मग एकाच नाही तर सगळ्या प्लेटा बदलाव्या लागतात. पण तेलाला जळका वास होता आणि फिल्टर कापून उघडला तेव्हा त्याच्या घड्यांत काळी भुकटी बसलेली. धातूचे तुकडे नाहीत, फक्त अस्तराचा चुरा.

मग मॉड्युलेटरची केबल पुस्तकाप्रमाणे लावून घेतली. अमेरिकन लष्कराची टीएम (तांत्रिक पुस्तिका) ९-२३२०-२७२ मालिकेतली पुस्तकं ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी डोळे झाकून मिळवावीत. फरक काही पडला नाही, पडणार नव्हता, पण हे अर्ध्या तासाचं काम आधी संपवलेलं बरं.

स्टॉल चाचणी, म्हणजे गाडी ब्रेकवर रोखून गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोरात चालवून बघणं, हा पुढचा टप्पा, आणि इथे जपून. चाकांना पुढून-मागून ठोकळे, स्प्रिंग ब्रेक लावलेले, पायाने सर्व्हिस ब्रेक पूर्ण दाबलेला, गाडीच्या पुढे-मागे कुणी नाही. गिअर पुढचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण, काटा स्थिरावला की आकडा वाचायचा आणि लगेच सोडायचं. तीस सेकंदांच्या पुढे कधीही नाही, कारण इंजिनची सगळी ताकद त्या वेळी तेल तापवण्यात जाते आणि कन्व्हर्टरमधून बाहेर येणारं तेल १४९ अंश सेल्सिअसच्या मर्यादेकडे धावतं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा १५० आरपीएमहून जास्त भरलं तर गिअरबॉक्स घसरतोय, तितकंच कमी भरलं तर इंजिन दमलंय. माझा आकडा त्या पट्ट्याच्या आत आला. लगेच न्यूट्रल टाकून इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर धरलं, दोन मिनिटांत तापमान खाली आलं. म्हणजे कन्व्हर्टरचा स्टेटर (आतल्या तेलाला वळवणारं चाक) हाही अडकलेला नाही. रिव्हर्समध्ये पूर्ण स्टॉल केला नाही. ड्राइव्हलाइनवर त्याचा ताण फार येतो आणि मला जे हवं होतं ते हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवरच दिसलं.

शेवटची साक्ष दाबाची. मुख्य दाबाच्या तोंडाला गेज लावला. न्यूट्रलमध्ये ठीक, पुढच्या गिअरमध्ये ठीक. रिव्हर्स टाकला की काटा पडला आणि गरम तेलात तर आणखी खाली गेला. पंप चांगला, रेग्युलेटर चांगला, पण फोर्थ क्लचकडे जाणारं तेल वाटेत कुठेतरी गळतंय. पिस्टनचं सील, याहून वेगळं उत्तर मला सुचत नव्हतं.

दुरुस्ती की बदली? एक क्लच-पॅक आणि सीलं बदलून काम भागेल असं वाटतं, पण जळालेल्या अस्तराची भुकटी व्हॉल्व्ह बॉडीत, कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये सगळीकडे फिरलेली असते. कन्व्हर्टर घरी धुऊन स्वच्छ होत नाही. म्हणून कन्व्हर्टरसकट पूर्ण बॉक्स बदलायचं ठरवलं. लष्करी डेपोत पुनर्बांधणी झालेला, पोलादी डब्यात बंद असलेला एक मिळाला. इथे एक गोष्ट ठासून सांगतो: नेमप्लेटवर नुसतं एमटी६५४सीआर वाचून पैसे देऊ नका. मालिकेतल्या जुन्या गाड्यांत कमिन्सचंच पण मोठं एनएचसी-२५० इंजिन आहे. असेंब्ली नंबर स्वतःच्या बॉक्सशी अंकन्‌अंक जुळला पाहिजे, नाहीतर कन्व्हर्टर आणि गिअर पडण्याचे वेग दुसऱ्या इंजिनाचे मिळतील.

डबा उघडल्यावर आत कोरडा गंज नाही, शाफ्ट हाताने फिरला. तरी पुढचं आणि मागचं ऑइल सील बदलूनच टाकलं. बॉक्स जमिनीवर असताना ते सोपं काम आहे, आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या रबरावर माझा विश्वास नाही.

उतरवण्याबद्दल थोडक्यात. बॅटऱ्यांची अर्थिंग काढली, तेल सोडलं, छोटा प्रॉपशाफ्ट, कूलरच्या नळ्या, लिव्हरची आणि मॉड्युलेटरची केबल, वायरी, सगळ्याला चिठ्ठ्या. १४.०० आर २० टायरांमुळे गाडीखाली बसून काम करता येतं, हे सुख. कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला (इंजिनच्या शाफ्टवरच्या पातळ तबकडीला) जोडणारे बोल्ट एका छोट्या खिडकीतून एकेक करून दिसतात. मी इंजिन पान्याने फिरवायचो आणि भाचा टॉर्च धरून ओरडायचा, "मामा, थांब! आला." बॉक्स मागे सरकवण्याआधी कन्व्हर्टरला पट्टी लावून बांधला. तो मोकळा असेल तर बॉक्स जरा तिरपा होताच घसरून खाली येतो, आणि त्याच्या वाटेत हात असू शकतो.

बसवताना सगळी कसोटी एका ठिकाणी आहे. कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसला पाहिजे. तो हलकेच फिरवत आत ढकलायचा, आणि बेल हाउसिंगच्या (कन्व्हर्टरभोवतीच्या घंटेसारख्या कवचाच्या) कडेपासून किती आत गेला ते पट्टीने मोजायचं. मग बॉक्स इंजिनला भिडवला की दोन्ही हाउसिंग हाताच्या जोरावर एकमेकांना टेकली पाहिजेत. फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवू नका. तसं करणाऱ्याचा पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो. आमची हाउसिंग टेकली आणि कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटकडे किंचित पुढे ओढता आला, तेव्हाच बोल्टांना हात लावला.

कूलर जुनाच परत लावायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं. नळ्या उलट्या दिशेने धुतल्या तर सुरुवातीला काळं पाणी निघावं तसं तेल निघालं. कूलर नवा, फिल्टर नवा, एलिसनच्या सी-४ मानकात बसणारं तेल नवं.

जुना बॉक्स गॅरेजच्या टेबलावर उघडला. पुढचा पंप आणि सपोर्ट काढला, फॉरवर्ड क्लच बाहेर आला, त्याच्या प्लेटा निरोगी. त्याच्यामागे फोर्थ. पोलादी प्लेटांवर निळे डाग, घर्षण-प्लेटा काळ्या आणि गुळगुळीत. पिस्टनच्या ओठाच्या सीलवर नख दाबलं तर खूण उमटत नव्हती, सुकलेल्या चिंचोक्यासारखं कडक. दाब तिथूनच पळत होता. पिस्टन पूर्ण आवळत नव्हता, प्लेटा घसरत होत्या, उष्णतेने सील आणखी कडक होत होतं. ए२ गाड्यांमध्ये बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाड्या खूप आहेत, त्यामुळे हा दोष पुढे आणखी कुणाकुणाला भेटणार.

आता गाडी चालते. पाचवा पडला की टॅकोमीटर खाली येतो आणि तिथेच राहतो, चढावरही. रिव्हर्समध्ये मुख्य दाब गरम तेलातही टिकून आहे, घरामागच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबावा लागतो. तिसऱ्यातून चौथा पडताना किंचित धक्का जाणवतो. नव्या प्लेटा थोड्या बसल्या की मॉड्युलेटरची केबल पुन्हा एकदा लावून बघेन. फिल्टर लवकरच बदलून, कापून, घड्यांत काय अडकलंय ते इथे लिहितो. ज्यांच्या गाडीत फक्त पाचवा घसरतो आणि रिव्हर्स ठीक आहे, त्यांनी बॉक्स उतरवण्याआधी लॉकअपचा दाब जरूर तपासावा आणि आकडे मला कळवावेत.